जीवाणूचं पुढचं टोक कोण ठरवतं?

एमएस्सीला मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "फ्लॅजेलाच्या, म्हणजे फिरणाऱ्या शेपटांच्या, जोरावर जीवाणू द्रवात पोहतात हे समजतं. पण अगारसारख्या (जीवाणू वाढवायच्या जेलीसारख्या) घट्ट पृष्ठभागावर, तेही फ्लॅजेला नसताना, काही जीवाणू सरकतात कसे? आणि 'अमुक प्रथिन हालचाल नियंत्रित करतं' असं संशोधनाच्या पेपरात लिहिलेलं असतं, तेव्हा ते प्रथिन नेमकं करतं काय?"

पहिल्या भागाचं उत्तर पाठ्यपुस्तकात मिळतं. दुसरा भाग बहुतेक पुस्तकं बाणांच्या आकृतीवर उरकतात: हे प्रथिन त्याला चालू करतं, ते ह्याला बंद करतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. पृष्ठभागावर चालणाऱ्या जीवाणूच्या बाबतीत प्रथिन आहे की नाही एवढं सांगून भागत नाही, ते पेशीत कुठे बसलंय ते सांगावं लागतं. तेच प्रथिन एका टोकाला असेल तर पेशी डावीकडे जाते, दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं की उजवीकडे. बाणांच्या आकृतीत ही जागाच दिसत नाही, म्हणून वाचूनही काही हाती लागल्यासारखं वाटत नाही. हे नीट समजायला दहा जीवाणूंची वरवर ओळख करून घेण्यापेक्षा एकाच्या तपशिलात शिरलेलं बरं. मी मिक्झोकॉकस झँथस घेते.

हा मातीत राहणारा, दांडीच्या आकाराचा जीवाणू. लांबी साधारण ५ ते ७ मायक्रोमीटर, जाडी जेमतेम अर्धा मायक्रोमीटर. दुसऱ्या जीवाणूंना गाठतो, फोडतो आणि त्यांच्यावर जगतो. खाणं संपलं की लाखाच्या घरात पेशी एका जागी गोळा होतात, त्यांचा एक उंचवटा तयार होतो आणि आतल्या काही पेशींचे बीजाणू बनतात. हे फलपिंड नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांसारखे दिसतात. बुरशीशी गल्लत होण्याइतका हा प्रकार वेगळा आहे. फलपिंड करणारे हे जीव जीवाणूच आहेत हे हार्वर्डच्या रोलंड थॅक्स्टर यांनी १८९२ मध्ये दाखवून दिलं.

शिकार असो की जमाव, सगळं चालण्यावर अवलंबून आहे, आणि फ्लॅजेला एकही नाही. द्रवात टाकला तर नुसता वाहत राहतो. घट्ट पृष्ठभागावर मात्र मिनिटाला काही मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या लांबीएवढं अंतर कापायला एक-दोन मिनिटं. पोहणारा ई. कोलाय सेकंदाला २०-३० मायक्रोमीटर जातो. त्यामुळे मिक्झोकॉकस पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला काहीच हलत नाहीये असं वाटतं. दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो घेऊन ते जोडले, की चाल दिसायला लागते.

आणि चालीबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. सात-आठ मिनिटं एका दिशेने गेल्यावर पेशी क्षणभर थांबते आणि आल्या वाटेने परत जाऊ लागते. ती वळत नाही, मान फिरवत नाही. जे शेपूट होतं ते डोकं होतं, एवढंच. ह्याला मी पुढे 'पालट' म्हणेन. दांडीची दोन्ही टोकं दिसायला सारखी. मग ह्या क्षणी पुढचं कोणतं आणि मागचं कोणतं, ह्याची नोंद पेशीत कुठे ठेवलेली आहे? तुमच्या प्रश्नाचा गाभा हाच आहे. पण तिथे जाण्याआधी चालण्याची यंत्रणा पाहायला हवी, आणि ती एक नाही, दोन आहेत.

१९७९ मध्ये जोनाथन हॉजकिन आणि डेल कैसर यांनी न चालणारे किंवा अर्धवट चालणारे म्युटंट (जनुकात बिघाड असलेल्या पेशी) गोळा करून त्यांची वर्गवारी केली. त्यातून दिसलं की ह्या जीवाणूत चालण्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. एकीत पेशी एकेकट्या निघतात. तिला ॲडव्हेंचरस, म्हणून ए-मोटिलिटी म्हणतात. दुसरीत त्या शेजारी पेशी असतील तरच चालतात. ती सोशल, म्हणजे एस-मोटिलिटी. ए बिघडली तर एस चालू राहते, एस बिघडली तर ए चालू राहते. पूर्ण थांबवायचं असेल तर दोन्हीकडचं एकेक जनुक बिघडवावं लागतं. ह्या नियमाला एक अपवाद निघाला: एमजीएल-ए. हे एकच जनुक मोडलं की दोन्ही व्यवस्था बंद पडतात. हा अपवाद लक्षात ठेवा.

दोन व्यवस्थांमधला फरक वसाहतीच्या कडेवर सरळ दिसतो. दीड टक्का अगारवर थेंब टाकून एक-दोन दिवसांनी कडा पाहिली, तर एकट्यादुकट्या पेशी कडेपासून पुढे आलेल्या असतात. प्रत्येकीच्या मागे चिकट स्रावाची एक रेघ राहते आणि सूक्ष्मदर्शकाच्या फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीत ती स्पष्ट दिसते. मागून येणाऱ्या पेशी बरेचदा त्याच रेघेवरून जातात. अर्धा टक्का मऊ अगारवर चित्र पालटतं: एकट्या पेशी मागे पडतात आणि जिभांसारखे जाड गट बाहेर सरकतात, कारण मऊ ओल्या पृष्ठभागावर एस जास्त चांगली चालते. वेनयुआन शी आणि डेव्हिड झुसमन यांनी हा फरक १९९३ मध्ये मांडला. दोन्ही व्यवस्था मोडलेल्या म्युटंटची कडा सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत राहते. आजही नवीन म्युटंट हाती आला की पहिली तपासणी हीच असते, महागडं यंत्र नंतर.

एस-मोटिलिटी चालते ती टाइप फोर पिलायवर. पेशीच्या एका टोकातून काही मायक्रोमीटर लांबीचे, अतिशय बारीक तंतू बाहेर येतात. तंतू म्हणजे पिल-ए नावाच्या प्रथिनाचे हजारो घटक एकावर एक रचलेले. पिल-बी हे एटीपी (पेशीचं इंधन) जाळून तळाशी नवे घटक भरतं, त्यामुळे तंतू बाहेर वाढतो. त्याचं टोक समोर कशाला तरी चिकटतं. मग पिल-टी हे दुसरं प्रथिन एटीपी जाळून तळाचे घटक काढून घेतं, तंतू आत येतो आणि पेशी पुढे ओढली जाते. तंतू खरंच आत ओढला जातो आणि त्यातूनच बळ मिळतं, हे २००० मध्ये मर्झ, सो आणि शीट्झ यांनी गनोरियाच्या जीवाणूत दाखवलं. पुढच्याच वर्षी स्करकर आणि बर्ग यांनी स्यूडोमोनास ह्या जीवाणूचे पिलाय रंगवून ते बाहेर येताना आणि आत जाताना प्रत्यक्ष पाहिले.

ह्या ओढीचा जोर कमी लेखू नका. एकेक घटक काढल्यावर तंतू सुमारे एक नॅनोमीटरने आखूड होतो, आणि ओढण्याचा वेग सेकंदाला मायक्रोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाला हजारभर घटक सुटतात. मिक्झोकॉकसमध्ये एका पिलसचं (पिलायपैकी एका तंतूचं) बळ १५० पिकोन्यूटनपर्यंत मोजलं गेलंय. आपल्या पेशींत माल वाहणारं कायनेसिन साधारण ६ पिकोन्यूटनला थकतं. पिल-टी काढून टाकलेल्या म्युटंटला पिलाय असतात, पण एस-चाल नसते. पिलस असणं म्हणजे चालणं नव्हे, हे परीक्षेत लिहिण्यासारखं वाक्य आहे. आणि ही चाल 'सोशल' का, तर पिलसला चिकटायला शेजारच्या पेशींवरच्या बहुशर्करेचा थर सर्वात सोयीचा पडतो. शेजारी नसतील तर पकडायलाच काही नाही.

आता जागेचा मुद्दा. पिलस बाहेर पडण्यासाठी बाह्यपटलात पिल-क्यू ह्या प्रथिनाचं भोक लागतं. हे भोक, आणि यंत्रणेचे इतर बरेच भाग, पेशीच्या दोन्ही टोकांना तयार असतात. पिलाय मात्र एकाच टोकाला फुटतात, पुढच्या. पालट झाली की इकडचे बंद आणि तिकडचे सुरू. म्हणजे यंत्र हलवावं लागत नाही, दोन्हीकडे बसवलेलंच आहे. कुणीतरी फक्त ह्या टोकाला काम करायचं, असं ठरवतं.

ए-मोटिलिटीचं कोडं बराच काळ सुटत नव्हतं. पिलाय नाहीत, फ्लॅजेला नाहीत, बाहेरून पेशी गुळगुळीत. मागच्या टोकातून चिकट द्रव जोरात बाहेर फेकला जातो आणि त्याच्या रेट्याने पेशी पुढे जाते, असं एक गृहीतक २००२ च्या सुमारास मांडलं गेलं. पेशीमागची ती स्रावाची रेघ पाहिली की ते पटण्यासारखंही होतं. २००७ मध्ये ताम मिन्यो, शेवित्झ, हार्टझेल आणि झुसमन यांनी एजीएल-झेड ह्या प्रथिनाला चमकणारं प्रथिन जोडून चालत्या पेशींचे फोटो घेतले. पेशीच्या लांबीवर चमकत्या ठिपक्यांची रांग दिसली. पेशी पुढे सरकत होती, पण ठिपके जमिनीच्या हिशोबात जागचे हलत नव्हते. पुढच्या टोकाला नवा ठिपका उगवायचा, पेशी त्याच्यावरून पुढे निघून जायची, आणि मागचं टोक त्याच्यापाशी आलं की तो विरून जायचा.

खाडीत बांबूने होडी चालवणारा माणूस पाहिला असेल तर हे लगेच समजेल. तो पुढच्या टोकाला उभा राहून बांबू तळात रोवतो आणि बांबू धरून होडीच्या मागच्या टोकापर्यंत चालत जातो. बांबू आहे तिथेच राहतो, होडी पुढे जाते. इथे बांबू म्हणजे जीएलटी नावाची प्रथिनं, जी आतल्या पटलापासून बाहेरच्या पटलापर्यंत पोहोचतात आणि सीजीएल-बी ह्या चिकट प्रथिनामार्फत जमीन पकडतात. चालणारा माणूस म्हणजे एजीएल-आर, क्यू आणि एस ह्या तीन प्रथिनांची मोटर. ती एटीपीवर चालत नाही, पटलातून आत येणाऱ्या प्रोटॉनच्या प्रवाहावर चालते. फ्लॅजेला फिरवणाऱ्या 'मोट' नावाच्या प्रथिनांची ती दूरची नातेवाईक. २०११ मध्ये दोन गटांनी ही मोटर ओळखली. ती पेशीच्या आत मळसूत्री वाटेने मागे जाते, त्यामुळे पुढे जाताना पेशी स्वतःच्या अक्षाभोवतीही फिरते. २०१६ मध्ये फॉर आणि सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवलं.

आता बघा, इथेही तोच प्रश्न उभा राहतो. ठिपका पुढच्या टोकालाच का उगवतो, आणि मागच्या टोकालाच का विरतो?

उत्तर त्या अपवादात आहे. एमजीएल-ए हे रास कुळातलं छोटं प्रथिन आहे. माणसाच्या पेशींतलं रास बिघडलं की कर्करोग होऊ शकतो, म्हणून रास म्हटलं की आपल्याला तोच आठवतो. त्याच धाटणीचं प्रथिन मातीतल्या जीवाणूत सापडावं ह्याचं मला आजही अप्रूप वाटतं. ह्या कुळाची रीत एकच: जीटीपी (एटीपीसारखाच एक रेणू) धरलेलं असेल तर प्रथिन 'चालू', ते तोडून जीडीपी उरलं की 'बंद'. चालू अवस्थेतलं एमजीएल-ए पुढच्या टोकाला जमतं. तिथे ते दोन्ही यंत्रणांना कामाला लावतं: एसजीएम-एक्स ह्या प्रथिनामार्फत पिलायची यंत्रणा, आणि जीवाणूंमधल्या, ॲक्टिनसारख्या (आपल्या पेशींच्या सांगाड्यातलं प्रथिन) एमआरई-बीच्या आधाराने ए-मोटिलिटीचे ठिपके. एक जनुक मोडलं की दोन्ही चाली का थांबतात, ते आता उघड आहे.

मागच्या टोकाला एमजीएल-बी बसतं. त्याचं काम म्हणजे एमजीएल-एला जीटीपी तोडायला लावणं. तिथे पोहोचलेलं प्रत्येक चालू एमजीएल-ए बंद केलं जातं. त्यामुळे ते मागे साठू शकत नाही, आणि ए-मोटिलिटीचा जुना ठिपका मागच्या टोकाला आला की त्यातलं एमजीएल-ए बंद पडून सगळी जुळणी सुटते. एकच प्रथिन दोन कामं करतं: मागचं टोक 'मागचं' ठेवतं आणि वापरून झालेले ठिपके मोडून टाकतं. तिसरा घटक रॉम-आर आणि रॉम-एक्स ह्यांची जोडी, जी एमजीएल-एला पुन्हा जीटीपी धरायला मदत करते. ही जोडी दोन्ही टोकांना असते, मागे जास्त, पण मागे एमजीएल-बीचं पारडं जड असतं आणि पुढे ह्या जोडीचं.

जाता जाता एक रासायनिक बारकावा सांगते, कारण तो फार सुंदर आहे. माणसाच्या रासला जीटीपी तोडायला बाहेरून मदत लागते: मदतनीस प्रथिन आपलं एक आर्जिनिन (प्रथिनाचा एक घटक, अमिनो आम्ल) रासच्या खोबणीत घुसवतं. एमजीएल-ए आणि बीची रचना २०११ मध्ये उलगडली तेव्हा दिसलं की एमजीएल-बी असं काहीच घुसवत नाही. लागणारं आर्जिनिन एमजीएल-एकडेच असतं, फक्त चुकीच्या जागी. एमजीएल-बीचे दोन रेणू मिळून त्याला पकडतात आणि ते आर्जिनिन योग्य जागी सरकवतात. काम तेच, रीत वेगळी.

हे सगळं खरं आहे हे कळलं कसं? तुमच्या प्रश्नातल्या 'नियंत्रण' ह्या शब्दाचा कस इथे लागतो. २०१० मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या माक्स प्लांक संस्थेतला गट आणि फ्रान्समधल्या मार्सेचा गट, दोघांनी स्वतंत्रपणे हे प्रयोग केले. एमजीएल-ए काढलं, तर पेशी थांबली. हा पुरावा एकट्याने फारसं सांगत नाही. पेशी थांबवणारी जनुकं पुष्कळ आहेत. एमजीएल-बी काढलं, तर पेशी थांबली नाही. ती चालली, पण सारखी पुढे-मागे करत राहिली, आणि एमजीएल-ए आता दोन्ही टोकांना दिसू लागलं. मग त्यांनी एमजीएल-एमधलं ८२ व्या जागेवरचं ग्लुटामिन हे अमिनो आम्ल बदललं, म्हणजे ते जीटीपी धरतं पण तोडू शकत नाही. एमजीएल-बी जागेवर असूनही पेशीची पुन्हा तीच पुढे-मागे धावपळ. प्रथिन पुरेसं आहे, 'चालू'ही आहे, हरवली आहे ती जागा. नियंत्रण म्हणतात ते हे: चालायची ताकद शाबूत ठेवून दिशा बिघडवता येते.

चमकणारं प्रथिन जोडलेलं एमजीएल-ए घेऊन साध्या पेशीची पालट पाहिली तर सगळा व्यवहार डोळ्यांसमोर घडतो. पुढच्या टोकाला एक उजळ ठिपका. तो फिका पडायला लागतो. तेवढ्यात मागच्या टोकाला उजेड दिसू लागतो. थोडा वेळ दोन्हीकडे थोडं थोडं, आणि ह्याच वेळी पेशी थबकलेली असते. मग जुनं टोक विझतं आणि पेशी नव्या टोकाच्या दिशेने निघते. एमजीएल-बी उलट्या दिशेने तसंच जागा बदलतं.

ही अदलाबदल केव्हा करायची, ते सांगणारी व्यवस्था वेगळी आहे: फ्रिझ. तिचे म्युटंट झुसमन यांनी १९८२ मध्ये वर्णन केले. उपासमारीत त्यांचे गोल फलपिंड बनत नाहीत, गुंतलेल्या केसांसारख्या लांब लडी बनतात. बारकाईने पाहिल्यावर कळलं की ह्या पेशींना चालता येतं, पण त्या पालटतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ह्याच व्यवस्थेतल्या एका दुसऱ्या प्रकारच्या बिघाडात उलटा परिणाम होतो: दर काही क्षणांनी पालट, आणि पेशी जागच्या जागी घुटमळत राहते. फ्रिझची जनुकं ई. कोलायच्या रसायनानुगमनाच्या (रसायनाच्या मागावर जाण्याच्या) जनुकांशी जुळतात, त्यामुळे साखळी ओळखीची वाटेल: फ्रिझ-सीडी हे संकेत टिपणारं ग्राहक प्रथिन, फ्रिझ-ई हे फॉस्फेट देणारं कायनेज. मात्र ई. कोलायमध्ये फॉस्फेट शेवटी फ्लॅजेलाच्या मोटरपाशी जाऊन तिची दिशा बदलतं. इथे ते मोटरकडे जातच नाही, टोकांवर बसलेल्या प्रथिनांकडे जातं.

मार्सेच्या गटाने २०१८ मध्ये ह्याचा पुढचा टप्पा दाखवला. फ्रिझ-ईकडून फॉस्फेट लागलेलं फ्रिझ-एक्स मागच्या टोकाला जमतं आणि एमजीएल-बीचा पहारा ढिला करतं, म्हणजे एमजीएल-ए तिथे शिरू शकतं. पण नुसतं तेवढ्याने पालट होत नाही. रॉम-आर मागच्या टोकाकडून पुढच्या टोकाकडे हळूहळू सरकत असतं, आणि ते पुढे पुरेसं साठल्याशिवाय अदलाबदल सुरू होत नाही. एमजीएल-ए आणि बी झटपट जागा बदलतात, रॉम-आर सावकाश. ह्या सावकाशीमुळे एका पालटीनंतर पेशीला लगेच दुसरी पालट करता येत नाही. संकेत कितीही जोरात असला तरी काही काळ थांबावंच लागतं. म्हणजे पेशीचं घड्याळ एका प्रथिनाच्या संथ प्रवासातून बनलेलं आहे. ह्या विषयात मला सर्वात जास्त आवडणारी गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगते.

पालटायचं कशाला? सरळ जात राहिलं तर जास्त पसरणार नाही का? नाही. २००९ मध्ये वू, कैसर, जिआंग आणि आल्बर यांनी संगणकावर वसाहत उभी करून पाहिली. पालट न करणाऱ्या पेशी एकमेकींत अडकतात. ठरावीक काळाने पालटणाऱ्या पेशी रांगेत येतात आणि वसाहत जास्त वेगाने पसरते. सर्वात चांगला निकाल सुमारे आठ मिनिटांच्या पालटीला मिळाला, आणि खऱ्या पेशींचा वेळही तेवढाच आहे.

इतर जीवाणूंत हेच घडतं का? यंत्रं वेगवेगळी आहेत, पण 'कुठे' हा प्रश्न सुटत नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसात पिलायच चालवतात. २०२१ मध्ये क्यून आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पुढच्या टोकाच्या पिलसला पृष्ठभागाचा स्पर्श झाला की पिल-जी त्याच टोकाला नवे पिलाय फुटण्याला बळ देतं, म्हणून पेशी त्याच दिशेने जात राहते. पिल-एच ते मोडतं आणि पालट घडवतं. रुग्णालयात कॅथेटरवर चिकटणारा हा जीवाणू स्पर्शाची खबर सायक्लिक एएमपी ह्या निरोप्या रेणूमार्फत रोगकारक जनुकांपर्यंतही पोहोचवतो, त्यामुळे हा विषय निव्वळ कुतूहलाचा नाही.

बॅसिलस सबटिलिसची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगण्यासारखी आहे. तो अगारवर फ्लॅजेलाच्या जोरावर थव्याने पसरतो, त्याला स्वार्मिंग म्हणतात. पसरणं थांबवून बायोफिल्म (चिकट थरात एकत्र राहणारी वसाहत) करायची वेळ आली की एप्स-ई हे प्रथिन बनतं. ते मूळचं बहुशर्करा तयार करणारं एन्झाइम, पण त्याला दुसरंही काम आहे: फ्लॅजेलाच्या रोटरमधल्या, म्हणजे फिरणाऱ्या भागातल्या, एफएलआय-जीला ते चिकटतं आणि फ्लॅजेला थांबतो. आता हा ब्रेक आहे की क्लच? म्हणजे रोटर जाम झाला, की मोटरपासून सुटला? ब्लेअर, कर्न्स, बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पेशी फ्लॅजेलाने काचेला बांधून पाहिल्या. जाम झाला असता तर पेशी ताठ राहिली असती. ती पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी मोकळी डुलत होती. म्हणजे क्लच. 'बंद केलं' ह्या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या यंत्रणा लपू शकतात, आणि त्या वेगळ्या करायला असा साधा प्रयोगही पुरतो.

प्रोटियस मिराबिलिस तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा. लघवीच्या नमुन्यातून ब्लड अगारवर आला की वर्तुळामागून वर्तुळ करत सगळी प्लेट व्यापतो आणि शेजारच्या वसाहती झाकून टाकतो. म्हणून तर त्याचं पसरणं रोखणारी सीएलईडी किंवा मॅकॉन्की ही माध्यमं वापरतात. पृष्ठभागावर येताच त्याच्या पेशी विभाजन थांबवून कित्येक पट लांब होतात आणि अंगभर फ्लॅजेला उगवतात. ह्या बदलाची मुख्य कळ म्हणजे एफएलएच-डी आणि सी ह्यांचं संकुल. इथे नियंत्रण बरंचसं जनुकं चालू-बंद करण्याच्या पातळीवर आहे, त्यामुळे बाणांची आकृती इथे बऱ्यापैकी चालते. मिक्झोकॉकसची पालट नवी प्रथिनं बनण्याची वाट बघत नाही. ती एका मिनिटाच्या आत उरकते. पेपर वाचताना आधी हे तपासा की लेखक कोणत्या वेळेबद्दल बोलतायत: तासांबद्दल, की सेकंदांबद्दल.

तुम्हाला कॉलेजच्या लॅबमध्ये ह्यावर प्रकल्प करायचा असेल, तर बॅसिलस सबटिलिसपासून सुरुवात करा. पण स्ट्रेन विचारून घ्या. वर्षानुवर्षं प्रयोगशाळांत वाढवलेला १६८ हा स्ट्रेन स्वार्मिंग करत नाही: त्याचं सर्फॅक्टिन (साबणासारखा पदार्थ) बनवायला लागणारं एसएफपी आणि स्वार्मिंगला लागणारं एसडब्ल्यूआर-ए, दोन्ही जनुकं मोडलेली आहेत. ३६१० हा न माणसाळलेला स्ट्रेन घ्या. अगार ०.७ टक्का, आणि प्लेट ओतल्यावर लॅमिनारमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) उघडी ठेवून वीसेक मिनिटं सुकवा. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे हा वेळ पुरत नाही. पृष्ठभागावर पाण्याचा थर राहिला तर पेशी पोहतील आणि तुम्ही ते स्वार्मिंग म्हणून लिहून बसाल. जास्त सुकली तर काहीच पसरणार नाही. एकाच दिवशी, एकाच बाटलीतून ओतलेल्या प्लेटचीच तुलना करा.

मिक्झोकॉकसचे भाऊबंद मातीतून मिळवणं अवघड नाही, वेळखाऊ आहे. नुसत्या पाण्याच्या अगारवर, बुरशीरोधक सायक्लोहेक्झिमाइड घालून, ई. कोलायचे जाड पट्टे ओढा, पट्ट्यावर मातीचे खडे ठेवा आणि आठवडा-दोन आठवडे स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहा. पट्टा विरघळत गेला आणि कडेला रंगीत ठिपके उभे राहिले तर ते आलेत. शुद्ध कल्चर मिळवायला चिकाटी लागते, पण कडेवरच्या एकट्या पेशी आणि त्यांच्या मागच्या रेघा पाहायला त्याची गरज नाही.

कोणत्याही म्युटंटबद्दल लिहिताना 'चालत नाही' एवढ्यावर थांबू नका. पेशी मुळीच हलत नाही, हलते पण सारखी पालटते, की चालते पण पालटत नाही, ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्लेटवर तिन्हींची वसाहत सारखीच लहान दिसू शकते. फरक फक्त टाइम-लॅप्समध्ये, म्हणजे ठरावीक वेळाने घेतलेले फोटो जोडून पाहिले, तरच कळतो. आणि चमकणारं प्रथिन जोडलंत तर ते जोडल्यावरही पेशी मूळ पेशीइतकीच चालते आणि तितक्याच वेळाने पालटते हे आधी दाखवा. जोडणीने प्रथिनच बिघडलं असेल, तर ते कुठे बसलंय ह्याच्या फोटोला काही किंमत उरत नाही.